पोरांना कुणी विचारलं, आपा?

नसीमआपा, काल संस्थेच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली आणि तुमच्याच पोरींना तुमच्यासाठी धड गाता आलं नाही. रडू आलं म्हणून नव्हे. रडून तर त्या केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना नव्या सरांनी काळी एकमध्ये, पुरुषी पट्टीत, गायला लावलं म्हणून. सर स्वतः त्या पट्टीत गातात, पेटी त्यांच्या हातात होती, आणि या वयाच्या पोरींचा सा तिथे नसतो, तो पार वर, काळी चार-पाचला असतो, हे लक्षात घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. खाली गेलं की पोरींचा आवाज बुडत होता, वर गेलं की चिरकत होता. मागच्या रांगेतले एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "आपा गेल्या आन् वर्गाची रयाच गेली बगा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला त्यांना उठून सांगायचं होतं की बाबा रे, पोरींना काही झालेलं नाही, पट्टी चुकलीये.

तुमच्या फोटोसमोर उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला होता. वर्गात कुणी एक उदबत्ती लावली तरी तुम्ही खोकून खोकून बेजार व्हायचात आणि म्हणायचात, "देवाला वास दे, मला हवा दे." हे त्या सभागृहात निदान पोरांना तरी माहीत होतं. पण त्यांना विचारतंय कोण?

भाषणं झाली. संस्थेचे अध्यक्ष अण्णा बोलले, मग ज्यांनी तुमचा वर्ग बाहेरूनसुद्धा पाहिलेला नाही असे तिघे-चौघे बोलले. एकजण म्हणाले, "आपा मुसलमान असूनही अभंग काय म्हणायच्या, वा!" आपा, ते 'असूनही' मला फार लागलं. तुमची रेहाना भाभी माझ्या शेजारी बसली होती. तिने मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तुम्ही असतात तर हसला असतात. तुमच्या त्या हसण्याचा मला कायम राग यायचा. अपमान गिळायचा तो गिळायचा, वर हसून समोरच्याला पाणी विचारायचं. मी तुम्हाला कितीदा म्हटलं, आपा, एकदा तरी खडसावा कुणाला. तर म्हणायचात, "कावून एवढी तापतीस गं सुमन? सूर चढतो तुजा, आन् चढलेला सूर उतरवायला लई येळ लागतो."

चढलाय माझा सूर. आज तो उतरवायला तुम्ही नाही.

पोरांना खरं तर काल त्यांचं स्वतःचं गाणं म्हणायचं होतं. ते बाजाराचं गाणं. वडवणीच्या आठवडी बाजारातल्या आरोळ्या जमवून त्यांनी ते रचलं, त्याला तुम्ही भूपाचे सूर दिलेत, आणि त्यात तुमच्या भावाची मुनीरभाईंची मोसंबीची हाळी जशीच्या तशी आहे.

गोड हाय मोसंबी, घ्या की वो ताई,
भाव नका पाडू, येष्टीची घाई!

मला ते गाणं मुळीच आवडलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. हे काय संगीत, असं मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं. पण पोरांना तुमच्यासाठी तेच म्हणायचं होतं. आयेशाने, आपल्या गॅरेजवाल्या चाचांच्या आयेशाने, धीर करून अण्णांना सांगितलं तर अण्णा म्हणाले, "अगं बाळा, शोकसभा हाय. इथं मोसंबी मोसंबी वरडायचं का?" आजूबाजूचे हसले. आयेशा तशीच मागे फिरली आणि पोरींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मग सरांनी पेटी ओढली आणि पुढचं सगळं झालं.

मला माझी शाळा आठवली. तलवाड्याची. तिथे आमचे एक गुरुजी होते, गळा चांगला होता त्यांचा, पण अख्ख्या शाळेला ते आपल्याच पट्टीत गायला लावत. गॅदरिंगच्या तालमीत माझा आवाज कुठेच बसेना, तर म्हणाले, "तू मागं हुबी ऱ्हा आन् नुसते ओठ हलव." मी हलवले. त्या दिवसापासून मला गळा नाही हे आमच्या घरात ठरूनच गेलं. आई पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, आमची सुमन अभ्यासात हुशार, गाण्याचं तेवढं अंग नाही. लग्न होऊन वडवणीला आले ते हे अंग नसणं सोबत घेऊनच.

भाचीला तुमच्या वर्गात सोडायला आले होते, आठवतं? तेव्हा वर्ग संस्थेत नव्हता, मुनीरभाईंच्या दुकानामागच्या खोलीत होता, मोसंबीचे कॅरेट सरकवून सतरंजी टाकलेली. तुम्ही मला बसा म्हणालात. मी म्हटलं, मला गळा नाही. तुम्ही वर न बघता विचारलंत, "कोन म्हनलं?" मग पेटीवर एकेक पट्टी वर सरकत माझ्याकडून आ लावून घेतलात. पोरं बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि एका ठिकाणी आवाज असा सहज निघाला की मी दचकून थांबले. तुम्ही म्हणालात, "हा बग तुजा सा. इथंच व्हता, कुटं गेलता?" तुम्हाला वाटलं मी आनंदाने रडले. आपा, मी रागाने रडले होते. इतकी वर्षं मी ओठ हलवत होते ते कुणाला तरी पट्टी बदलायचा कंटाळा होता म्हणून! हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही तो आनंद समजून बसलात, पाठीवर हात फिरवलात आणि एक मोसंबी सोलून दिलीत.

नंतर मी तुमच्याचकडे तबला शिकले, लहान्यांचा वर्ग घेऊ लागले, मोठ्यांच्या वर्गात ठेका धरून बसू लागले. आणि तिथे बसून तुमच्याशी भांडू लागले. शनिवारचा तुमचा तो प्रकार मला अजिबात पटत नसे. दाराबाहेर उजवीकडे चप्पल काढली तर नवं शिकायचं, डावीकडे काढली तर मागचंच घोटायचं. ज्या बाजूला चपला जास्त, तसा त्या दिवशीचा वर्ग. मी म्हणायचे, परीक्षा तोंडावर आल्यात, पोरांना काय कळतंय, ती रोज नवंच मागणार. ओंकार तर बापाचे गमबूट घालून आला होता, मोठे दिसावेत म्हणून. तुम्ही ते उचलून बघितलेत आणि म्हणालात, "बूट मोटा म्हनून मत मोटं व्हत न्हाई रं." अनवाणी आलेल्या एका पोरीने आपलं दप्तर उजवीकडे ठेवलं, तेही तुम्ही धरलंत. आणि झालं काय, तर सलग कितीतरी शनिवार पोरांनी डावी बाजू धरली. भूप पक्का होईना म्हणून स्वतःहून तोच तो घोटत बसली. मी तोंडात बोट घातलं. तुम्ही मात्र मला एका शब्दाने टोचलं नाही, आणि मी पण तुमचं बरोबर होतं असं कधी म्हटलं नाही.

याच ओंकारचा आवाज फुटला तेव्हा तो वर्ग सोडायला निघाला होता. तुम्ही त्याला सांगितलंत, "तुजा आवाज गावाला गेलाय. येईल माघारी. तवर तू पेटीचा भाता मार आन् कुटल्या पट्टीत बरं वाटतंय ते रोज सांगत जा." आणि तो रोज सांगायचा. पोरगं कुठून कुठे उतरत चाललंय, सगळा वर्ग मोठ्या उत्सुकतेने ऐकायचा. आज तो सर्वांत खाली गातो. काल काळी एकमध्ये त्याच्या एकट्याच्याच आवाजाला जागा होती, आणि तो मुद्दाम गप्प उभा होता. मी विचारलं तर म्हणाला, "पोरी बुडत व्हत्या, मी एकटा कसा पोहू?"

आता आपल्या भांडणाकडे येते, आपा. अर्धवट राहिलेल्या.

संस्थेने वर्ग आपल्या ताब्यात घेतला, खोली दिली, पेट्या दिल्या, संगीत समिती नेमली. समितीत सगळे पन्नाशीच्या पुढचे. तुम्ही अण्णांना म्हणालात, यात दोन पोरं घ्या, एक पोरगी, एक पोरगा. काय शिकवायचं, कोण शिकवणार, हे ठरताना ती तिथे असू द्या. अण्णा आधी हसले, मग त्यांना वाटलं असेल की बाई वयाने मोठी आहे, म्हणून म्हणाले, "बरं आपा, बगू." तुम्ही उमापूरपर्यंत सांगत सुटलात की अण्णांनी शब्द दिला. मी जीव तोडून म्हटलं, आपा, यांच्या तोंडात बघू म्हणजे नाही. तुम्ही म्हणालात, "मानूस बगू म्हनतो तवा दार थोडं उगडं असतं. तू कावून लाथ मारायला जातीस?"

कुठलं दार? मला सांगा ना, कुठलं दार उघडं होतं? समितीच्या बैठका तुमच्याशिवाय व्हायला लागल्या तेव्हा होतं? गॅदरिंगला कोणतं गाणं हे अण्णांच्या घरून ठरून यायला लागलं तेव्हा होतं? तुमच्या तोंडाला पानं पुसली त्या लोकांनी आणि तुम्ही विडा समजून चघळत बसलात. मला तुमचा राग येतो, आपा. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण तुम्ही जिवंत होतात तेव्हा तुम्ही मला रागवू दिलं नाहीत, मग मी रागवायचं कधी?

बीडच्या दवाखान्यात तुमच्या नाकाला नळी होती. मी ठरवून आले होते की आज बोलायचंच, की तुम्ही इकडे आडव्या पडल्यात आणि तिकडे त्यांनी अण्णांच्या मेहुण्यांचा मुलगा आणून बसवलाय. तुम्हाला बघितलं आणि आधी तुमची चादर सारखी केली. तुम्हीच नळी बाजूला सरकवून म्हणालात, "नवं कोन आलं तर आदी पोरानला इचारा." नर्स रागावली, तुम्ही नळी परत लावलीत. मी हो म्हटलं. नवा माणूस आधीच आलाय हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? आजही मला ठरवता येत नाही.

नवे सर वाईट शिकवतात असं मी म्हणणार नाही. हात चांगला आहे, ताना स्वच्छ आहेत. पण पहिल्याच शनिवारी दारात आले, चपला दोन्हीकडे विखुरलेल्या दिसल्या, आणि त्यांनी पोरांना बाहेर काढून सगळ्या चपला भिंतीकडेला एका ओळीत लावायला लावल्या. म्हणाले, शिस्त पाहिजे. पोरं त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी सगळं मतदान एका ओळीत लावून टाकलं आणि त्यांना पत्ताही नाही! त्या दिवशी काय शिकायचं ते पोरांनी ठरवलं होतं. सरांनी तिसरंच काहीतरी काढलं. मी अण्णांकडे गेले. अण्णांनी चहा मागवला आणि गोड आवाजात विचारलं, "सुमनताई, तुमाला बसायचं व्हतं का त्या जागेवर?"

हो, बसायचं होतं. तुम्हाला खोटं कशाला सांगू? वाटलं होतं मला. पण त्यासाठी मी गेले नव्हते, आणि हे अण्णांना पटवून देण्यासारखं माझ्याजवळ काहीही नव्हतं. चहा तसाच सोडून मी निघून आले. गावात दोन दिवसांत झालं की सुमनला खुर्ची मिळाली नाही म्हणून ती पोरांच्या आडून बोलतीये. आता मी काहीही बोलले तरी पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून काल शोकसभा संपता संपता मी उठले. पोरी कोपऱ्यात खाली मान घालून उभ्या होत्या, आयेशाचे कान लाल झाले होते, आणि अण्णा आभार मानत होते. मी मोठ्यांदा म्हटलं, की आपांनी या पोरांना आपापला सा दिला, तुम्ही तो एका गाण्यात काढून घेतला. म्हटलं, या वर्गात आता एकही पोर पाऊल टाकणार नाही, उद्यापासून वर्ग माझ्या घरी. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझा सूर खणखणीत लागला. भाभीने माझा हात घट्ट धरला.

आज सकाळी पोरं आली. मी अंगणात सतरंज्या टाकून ठेवल्या होत्या, शेजाऱ्यांची पेटी मागून आणली होती. एकही पोर बसलं नाही. आयेशा पुढे झाली आणि म्हणाली, "ताई, आमी सरांकडं जाऊन आलोत."

म्हटलं, कशाला?

"पट्टीचं सांगायला. आमचा सा काळी चारला हाय म्हनून."

"मग?"

"वरडले. म्हनले, आता पोरींनी मला शिकवायचं का."

मी म्हटलं, बघितलंत? मी काय सांगत होते? बसा आता, चला. तरी कुणी हलेना. ओंकार पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. आयेशा म्हणाली, "एकदा न्हाई ऐकलं तर परत सांगू. आमी तिथंच जानार. आपांचा वर्ग तिथं हाय, पेट्या तिथं हायेत. त्यो सोडून आमी कावून यायचं?"

माझा आवाज चढला. म्हटलं, पोरांनो, त्या माणसाने तुम्हाला अख्ख्या गावासमोर फजीत केलं, मी तुमच्यासाठी उठले, अण्णांशी वैर घेतलं, असं बरंच काही बोलून गेले. पोरं ऐकत राहिली. मग आयेशा अगदी हळू म्हणाली, "पर ताई, काल वर्ग बंद म्हनताना तुमी तरी आमाला कुटं इचारलं?"

आपा, मी पायरीवर बसले. भाची आतून पाणी घेऊन आली, ते माझ्या हातात तसंच राहिलं. मला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली राग तसाच होता, तुमच्यावरचा. माणसाने पोरांना विचारावं हे तुम्ही शिकवलंत. पण विचारल्यावर त्यांचं उत्तर आपल्याला नको असलं तर काय करायचं, हे शिकवायच्या आधी निघून गेलात. की चपला डावीकडे पडायच्या त्या शनिवारी तुम्हालाही नवं शिकवायचं असायचं, आणि तुम्ही गुपचूप मागचं काढून बसायचात? विचारायला हवं होतं मी. आता कोण सांगणार?

मला अजूनही वाटतं पोरं चुकतायत. अण्णा सुधारणार नाहीत, सर ऐकणार नाहीत, आणि पुन्हा पुन्हा सांगून या पोरी एक दिवस दमतील, माझ्यासारख्या मागे उभ्या राहून ओठ हलवायला लागतील. याची मला भीती वाटते. हे सगळं मी त्यांना बोलून दाखवलं, काही हातचं राखलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग बाजूला जाऊन आपसात कुजबुजली, भांडली, एका पोरीने ओंकारला चापट मारली, आणि परत आली. ओंकार म्हणाला, "तुमी बी यायचं ताई. तबल्याला कोन हाय दुसरं?"

मी म्हटलं, मी त्या माणसाशेजारी बसणार नाही. पोरं नुसती उभी राहिली माझ्यासमोर, ऊन चढेपर्यंत. मी सतरंज्या गुंडाळायला घेतल्या तर तिघी चौघी धरू लागल्या.

उद्या मी जाणार आहे, आपा. खुशीने नाही, आणि अण्णांना माफ करून तर मुळीच नाही. पोरं निघताना मी त्यांना बजावलं, की येईन, पण सरांनी पुन्हा काळी एक धरली तर त्याच क्षणी तबल्यावरचा हात काढून घेईन आणि उठून चालू लागेन.

आयेशा दारात थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "उटायचं का न्हाई, ते आमी ठरवू."